पदक नव्हे, ब्रोचच

प्रश्न असा आला आहे : व्हायकिंग, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या स्कँडिनेव्हियातल्या, स्त्रियांच्या पोशाखावरचा लेख मराठीत करायचा आहे. त्यांच्या छातीवर वरच्या बाजूला जे दोन लंबगोल ‘ब्रोच’ असतात त्यांना ‘पदक’ म्हणावं का?

माझं मत स्पष्ट आहे, म्हणू नये. पदक लोंबतं, काढून ठेवलं तरी अंगावरचं वस्त्र जागचं हलत नाही. हे ब्रोच काढले तर झगाच खाली येईल. तागाच्या आतल्या वस्त्रावर लोकरीचा बिनबाह्यांचा झगा, त्याचे मागचे बंद खांद्यावरून पुढे आणायचे, पुढचे आखूड बंद वर घ्यायचे आणि दोन्हींच्या टोकांचे फास ब्रोचच्या पिनेत ओवायचे. म्हणून ते सहसा जोडीनेच. स्वीडनमधल्या बिर्का या व्हायकिंगकालीन व्यापारी गावाची शेकडो थडगी ह्याल्मार स्टॉल्पे यांनी १८७०च्या दशकापासून खणली. तिथल्या ब्राँझच्या ब्रोचांच्या पोकळ पाठीत, गंजलेल्या लोखंडी पिनेला चिकटून, या फासांचे तुकडे टिकून राहिले आहेत. धातूच्या गंजानेच कापड जपलं!

‘बिल्ला’ही नको, तो नुसता मिरवायचा. ‘ब्रोच’ आपल्याकडे साडीच्या खांद्यावर रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा.

जुन्या नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, भाषेतल्या ‘रीग्सथुला’ या काव्यात घरधनीण बसली आहे : छातीवर ‘स्मोक्कर’ नावाचं वस्त्र, गळ्याशी कापड आणि खांद्यांवर ‘द्वेर्गर’. द्वेर्गर म्हणजे बुटके! नॉर्स पुराणांत हे बुटके अव्वल कारागीर. इथे मात्र खांद्यावरच्या पिना किंवा ब्रोच अभिप्रेत असावेत, असं अभ्यासक मानतात. लेखात एकदा तरी ‘खांद्यावरचे बुटके’ येऊ द्या, मला तो शब्द फार आवडतो.

दुसरी नोंद अरबीतली. इब्न फदलान या अरब प्रवाशाने ९२२ साली व्होल्गा नदीकाठी रूस व्यापाऱ्यांच्या, म्हणजे तिकडे गेलेल्या व्हायकिंगांच्या, बायका पाहिल्या. त्यांच्या छातीवर लोखंडाची, तांब्याची, चांदीची किंवा सोन्याची, नवऱ्याच्या ऐपतीप्रमाणे, ‘हुक्का’ बांधलेली असे आणि तिच्या कडीला सुरी. अरबीत हुक्का म्हणजे डबी. आपला ओढायचा हुक्का त्याच शब्दातून आला. घुमटासारखा फुगीर, आतून पोकळ ब्रोच परक्या माणसाला डबीच वाटणार.

आता सोबतचे शब्द. मणी गळ्याभोवती नसून बहुधा एका ब्रोचपासून दुसऱ्यापर्यंत ओवलेले असत, तेव्हा ‘हार’ टाळून ‘मण्यांचे सर’ म्हणा. त्यांत काच, अंबर आणि फार दुरून आलेला लाल अकीक. गळ्यातल्या ताठ धातूच्या कड्याला मात्र आपला ‘सरी’ हा शब्द चपखल बसतो. नवऱ्याकडे दहा हजार दिरहम (चांदीची अरबी नाणी) झाले की बायकोला एक सरी, वीस हजार झाले की दोन, असं इब्न फदलानच सांगतो.

किल्ल्या, कात्री, सुयांची नळी हे सगळं ब्रोचला साखळीने टांगलेलं आढळतं. त्याला ‘छल्ला’ म्हणायचा मोह मलाही झाला, कारण माझ्या आजीच्या कमरेला चांदीचा छल्ला असे आणि ती उठली की किल्ल्या आधी वाजत. पण छल्ला कमरेला खोचतात, हे छातीवरून लोंबतं. ‘ब्रोचला अडकवलेल्या किल्ल्या’ असं सरळ लिहा.