करारातला टोमॅटो आणि यादीबाहेरचा मजूर

प्रश्न : अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यात मुक्त व्यापार आहे, मग मेक्सिकन शेतमजुराला सीमा ओलांडायला एवढा त्रास का? आणि हंगामी व्हिसा दिले, वर पहारा कडक ठेवला, तर हे लोक हंगाम संपल्यावर आपोआप परत जाणार नाहीत का?

उत्तर : करारात माणसं आहेत, पण निवडून घेतलेली. १ जानेवारी १९९४ला लागू झालेल्या नाफ्टात, म्हणजे या तीन देशांच्या मुक्त व्यापार करारात, आणि २०२०मध्ये त्याच्या जागी आलेल्या करारातही व्यवसायांची एक यादी आहे. इंजिनिअर, अकाउंटंट, आर्किटेक्ट यांना पदवी आणि नोकरीचं पत्र दाखवून टीएन व्हिसा मिळतो. टोमॅटो तोडणारा त्या यादीत नाही, टोमॅटो मात्र करारात आहे. हे नजरचुकीनं झालेलं नाही. वाटाघाटींत अमेरिकेला मजुरांचा विषय नको होता आणि मेक्सिकोला तेलाचा.

तुमच्या ‘आपोआप’ला मात्र माझी हरकत आहे. १९४२ ते १९६४ मेक्सिकन मजुरांना कंत्राटावर अमेरिकेत आणणारी ब्रासेरो योजना चालली, तीत सुमारे ४६ लाख कंत्राटं झाली. माणूस परत जावा म्हणून सुरुवातीच्या वर्षांत मजुरीतले १० टक्के कापून मेक्सिकोतल्या बँकांकडे पाठवत. कित्येकांच्या हाती तो पैसा कधी पडलाच नाही. म्हाताऱ्या झालेल्या मजुरांना पुढे त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. योजना बंद झाली, पण शेतांना माणसं लागतच होती. तेच लोक विनाकागद येत राहिले, आणि बहुतेक जण हंगाम संपला की घरी जात. कारण पुढच्या वर्षी पुन्हा येता येत असे.

हे येणं-जाणं मोडलं ते पहाऱ्यानं. सीमेवरच्या अमेरिकन शहरांत, १९९३मध्ये एल पासोला आणि १९९४मध्ये सॅन डिएगोला, नाकेबंदी झाली. वाट ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे सरकली. तिथं उन्हानं माणसं मरू लागली आणि दलालांचे दर चढले. इतका पैसा आणि जीव पणाला लावून आत आलेला माणूस दिवाळखोर होऊन परत का जाईल? तो राहिला, मग बायकामुलांनाही बोलावून घेतलं. त्याच सुमारास अमेरिकेचा अनुदानावर पोसलेला मका मेक्सिकोत उतरत होता, तिथल्या छोट्या शेतकऱ्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

आजचा हंगामी शेतव्हिसा एच-टूए. त्याला संख्येची मर्यादा नाही, राहायची जागा मालकानं फुकट द्यायची. कागदावर उत्तम. पण व्हिसा त्या एका मालकाशी बांधलेला. मजुरीत खोट दिसली तरी मजूर तोंड उघडत नाही, कारण नोकरी गेली आणि मुदतीत दुसरा मालक मिळाला नाही, की राहण्याचा हक्कही जातो. आणि काम हंगामीच हवं, म्हणून दुधाचे गोठे या योजनेत बसत नाहीत. गोठ्यातलं काम बारा महिने चालतं ना! ते गोठे कोणाच्या जिवावर चालतात, हे वॉशिंग्टनला ठाऊक आहे.

मला विचाराल तर व्हिसा वाढवण्याआधी दोन गोष्टी करा : मालक सहज बदलायची मुभा, आणि त्याच व्हिसावर दरवर्षी परत येता येईल अशी हमी.