देहविक्रय गुन्हा नाही, तर धाडीत बायकांना का नेतात?

प्रश्न असा आहे: भारतात देहविक्रय गुन्हा नाही म्हणतात, मग धाड पडली की बायकांना गाडीत घालून का नेतात? आणि कायद्यामुळे त्यांच्या पोटापाण्यात खरंच काही फरक पडतो का?

मी वकील आहे, अशी थोडीफार प्रकरणं चालवली आहेत. त्यावरून सांगतो.

तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने, एकटीने, बंद दाराआड हा व्यवसाय केला तर १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, म्हणजे बातम्यांतला 'पीटा', तिला शिक्षा करत नाही. मेख आहे ती 'एकटीने' या शब्दात. दोघींनी मिळून खोली घेतली, भाडं वाटून घेतलं, एकीने दारावर लक्ष ठेवलं, की कलम २च्या व्याख्येनुसार तो कुंटणखाना. मध्ये दलाल नसला तरीही. जिवाला धोका असलेल्या धंद्यात सोबतीण असणं हा सगळ्यात साधा बचाव, आणि नेमका तोच गुन्ह्यात मोडतो.

कलम ४ तर अजबच. तिच्या कमाईवर जगणाऱ्या १८ वर्षांवरच्या कोणालाही २ वर्षांपर्यंत कैद. रोख दलालावर आहे हे कळतं, पण शब्द 'कोणतीही व्यक्ती' असे आहेत. एका अशिलाने मला विचारलं होतं, "साहेब, पोरगा पुढच्या महिन्यात अठराचा होतो. त्याच्या कॉलेजची फी मी भरायची का नाही?" मी म्हटलं, भरा. पण कलम पुढ्यात उघडं असताना ते छातीठोकपणे सांगणं मला जड गेलं.

जागा देणारा मालकही कलम ३मध्ये अडकतो. म्हणून लेखी करार नाही, भाड्याची पावती नाही, आणि जोखमीचे म्हणून भाडं चढं. पावती नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, तो नाही म्हणून बँकेत खातं नाही. मग साठवलेला पैसा घरवालीकडे, म्हणजे कुंटणखाना चालवणारीकडे, किंवा सावकाराकडे. लोक म्हणतात, यांच्या हातात पैसा टिकत नाही. टिकणार कुठे?

आता धाड. बनावट गिऱ्हाईक पाठवतात, मग पंचनामा होतो. मी पाहिलेल्या एका पंचनाम्यात रोख रकमेच्या खालीच 'निरोधची पाकिटे' अशी नोंद होती, मुद्देमाल म्हणून. ज्या वस्तूने रोग टळतो तीच पुरावा ठरायला लागली, तर ती खोलीत ठेवायला कोण धजावेल? बाई बहुतेकदा आरोपी नसते, कागदावर तिची 'सुटका' झालेली असते. पण कलम १७खाली दंडाधिकारी तिला १ ते ३ वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. तोवर खोली जाते, पोरं नातेवाइकांच्या दारात.

अल्पवयीन मुलगी किंवा जबरदस्ती असेल तर गोष्ट निराळी. तिथे धाड हवीच, त्यात दुमत नाही.

न्यायालयांनी थोडं सावरलंय. २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३ सज्ञान तरुणींना सोडताना स्पष्ट म्हटलं की आपला व्यवसाय निवडायचा त्यांना हक्क आहे. १९ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं: पोलिसांनो, त्यांना सन्मानाने वागवा, निरोध पुरावा धरू नका, आणि पत्त्याच्या पुराव्यावाचून आधार द्या. यातलं आधारचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण त्यावर खातं उघडता येतं. पण कलम २, ३, ४ जागच्या जागी आहेत.

बाहेर स्वीडनने १९९९पासून बाईला नाही, गिऱ्हाइकाला गुन्हेगार धरलं. ऐकायला बरं वाटतं, पण घाबरलेलं गिऱ्हाईक आडोशाची जागा मागतं, घाई करतं, आणि माणूस पारखायला बाईला वेळ मिळत नाही. मला न्यूझीलंडचा २००३चा कायदा जास्त पटतो. परदेशातून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बायकांना त्याने बाहेर ठेवलंय, हा मोठा दोष आहेच. पण तिथे चौघीजणी परवान्याशिवाय एका घरात मिळून काम करू शकतात. आपल्याकडे दोघी झाल्या की कुंटणखाना.