सीएनसी सरळ रेषेत नीट, पण वळणावर फीड रेट खाली-वर का होतो?

तुम्ही म्हणताय सीएनसीला (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या कटिंग मशीनला) एफ३००० म्हणजे ३००० मिमी/मिनिट फीड रेट (कापताना पुढे सरकायचा वेग) दिलाय, सरळ कटला बरोबर येतो आणि वळण आलं की मशीन थरथरत, अडखळत चालतं, तर मोटर उघडायच्या आधी जी-कोड (मशीनला दिलेल्या आज्ञांची फाइल) बघा. बहुतेक कॅमने (डिझाइनवरून जी-कोड बनवणारं सॉफ्टवेअर) वळणाचे ०.१ मिमीचे बारीक जी१ (सरळ रेषेचे) तुकडे केलेले असणार आणि कंट्रोलर एक्झॅक्ट स्टॉपमध्ये (प्रत्येक बिंदूवर थांबायचा मोड) म्हणजे जी६१ वर (लिनक्ससीएनसीत जी६१.१) असेल तर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी तो वेग पाडतो. हिशोब करा ना, अॅक्सिलरेशन २५० मिमी प्रति सेकंद वर्ग असेल तर ०.१ मिमीत थांबून-निघून जास्तीत जास्त ३०० मिमी/मिनिट गाठता येतो, सरासरी १५० च, मग ३००० कुठून येणार!

कंट्रोलर सॉफ्टवेअर लिनक्ससीएनसी असेल तर सुरुवातीला जी६४ पी०.०५ टाका (न थांबता चाल, पी म्हणजे मार्गापासून किती मिमी सरकलेलं चालेल ते), मॅक३ असेल तर कॉन्स्टंट व्हेलॉसिटी मोड लावा. कोपरे थोडे गोल होतील, ते चालत नसेल तर पी कमी करा. कॅममध्ये टॉलरन्स (मूळ आकारापासून चालणारा फरक) थोडा वाढवला किंवा आर्क फिटिंग चालू केलं (तुकड्यांऐवजी सलग कमानी, जी२/जी३) की निम्मी कटकट तिथेच संपते.

एवढं करूनही सरळ रेषेतसुद्धा धक्के बसत असतील तर मग फीड ओव्हरराइडचा पॉट (वेग कमी-जास्त करायचा फिरवायचा नॉब) बघा, तो खराब झाला की आकडा आपोआप नाचतो.