संगीत घेऊन बी. ए. : वाचकांचे प्रश्न

बारावीचा निकाल आणि प्रवेशाची शेवटची तारीख यांच्यामधल्या दिवसांत संगीताच्या पदवीबद्दल दरवर्षी बरीच पत्रं येतात. यंदाच्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

मुलीने गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण केली आहे, आता बारावीही झाली. सगळे म्हणतात, विशारद म्हणजे बी. ए.च. मग संगीतासाठी पुन्हा तीन वर्षं कशाला घालवायची? — एक आई, सोलापूर

सगळे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या निधनानंतर १९३१ साली त्यांच्या शिष्यांनी मंडळ स्थापन केलं. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतच्या सात परीक्षांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या मुलांना रागसंगीताची शिस्त लावली. ते ऋण मोठंच आहे. पण कायद्याने पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाला, १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याचं बाविसावं कलम तसं सांगतं. त्यामुळे अर्जात ‘कोणत्याही शाखेची पदवी’ मागितली असेल तर तिथे विशारद चालत नाही. काही जाहिराती मात्र विशारदचं नाव घालूनच निघतात. नवोदय विद्यालयांच्या संगीत शिक्षकांच्या जाहिरातींत ते असतं. तेव्हा लोकांच्या बोलण्यावर जाऊ नका, जाहिरात वाचा.

तीन वर्षांत आणखी काय मिळतं? विशारदच्या मुलांना राग बरेच येतात, पण बहुतेकांचे राग परीक्षेच्या मापाचे असतात : एक विलंबित (संथ) बंदिश, एक द्रुत (जलद), ठरलेले आलाप आणि मोजून बसवलेल्या ताना. पदवीच्या चांगल्या विभागात राग उसवून पुन्हा शिवायला लावतात. जोडीला आवाजाचं शास्त्र, श्रवणाचे तास, तालाचा प्रत्यक्ष हात, इतिहास. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, म्हणजे आजच्या दौलताबादला, यादवांच्या दरबारी होता, हे विशारद झालेल्या कितीतरी मुलांना ठाऊक नसतं. परीक्षेपुरतं ग्रंथाचं नाव मात्र तोंडपाठ असतं.

आता खरी मेख. विभागात जाऊन एकच गोष्ट विचारा : आठवड्यात गुरूसमोर एकटीने बसून किती वेळ तालीम मिळते? सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र ‘गुरुकुल’ म्हणवतं ते याच कारणाने. विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि गुरूंकडची तालीम यांची सांगड घालण्याचा तो प्रयोग आहे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग, एसएनडीटी महिला विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, पणजीत आल्तिनोवरचं गोवा कॉलेज ऑफ म्युझिक अशी इतरही ठिकाणं आहेत. प्रत्येक ठिकाणची रीत निराळी, म्हणून स्वतः जाऊन एक तास वर्गात बसून या. वीस मुली एकाच पट्टीत एकच बंदिश एकसुरात म्हणताना दिसल्या तर काय ते समजा. सोलापुरात तिला मन लावून शिकवणारे गुरुजी असतील, तर त्यांना सोडून सुमार विभागात जाणं आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. त्यापेक्षा गावातच दुसऱ्या विषयात बी. ए. करावं, तालीम चालू ठेवावी आणि एम. ए.ला संगीताकडे वळता येतं का ते त्या-त्या विद्यापीठाच्या नियमांत पाहावं.

पुढच्या महिन्यात संगीत विभागाची प्रवेश चाचणी आहे. काय तयारी करू? — विद्यार्थी, जळगाव

पहिला प्रश्न बहुधा हाच येईल : तुझी पट्टी कोणती, म्हणजे पेटीच्या कोणत्या पट्टीवर तू तुझा सा धरतोस? ‘माहीत नाही, सर पेटी धरतात’ असं उत्तर देणारी मुलं निम्मी तरी असतात. आजच शोधून ठेव. मुलांची साधारण काळी एक ते काळी दोन, मुलींची पांढरी पाच ते काळी पाचच्या आसपास. पण हा अंदाज झाला, तुझा षड्ज (सा) तुझ्या गळ्याला विचार. खालच्या, मंद्र सप्तकातला पंचम आणि वरच्या, तार सप्तकातला गंधार दोन्ही न ओरडता लागले पाहिजेत.

दुसरं, उरलेला महिना पेटी मिटून ठेव. पेटीचे सूर समान अंतराने वाटलेले असतात, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. वर्षानुवर्षं पेटीला टेकून गायलेल्या मुलांचा गंधार चाचणीत नुसत्या तानपुऱ्यावर उघडा पडतो आणि परीक्षकांचे कान नेमके तिथेच असतात. रोज निदान अर्धा तास फक्त तानपुरा, फोनमधला चालेल. पण चार-दोनदा कुणाच्या तरी खऱ्या तानपुऱ्यासमोर बस. खर्जाची तार छेड आणि ती विरत जाताना कान लाव. जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकते तिथून उठणारा झंकार, नीट असेल तर त्या तारेतून गंधार आपोआप बोलतो. घोडीवरच्या तारेखालचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवला की तोच गंधार कसा खुलतो आणि कसा बुजतो, हेही बघून घे. (मिरजेच्या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते ज्या जवारीसाठी नावाजलेले आहेत ती हीच.)

राग एकच तयार कर, पण त्यात राहता आलं पाहिजे. यमन, भूप, बिहाग यांतला कुठलाही चालेल. छाप पाडायला दरबारी आणू नकोस, पहिल्याच आंदोलित (संथ झुलणाऱ्या) गंधारात सगळं कळतं. मुलगा पाठांतर गातोय की राग, हे बघायला परीक्षक मध्येच थांबवतात. ‘आता पंचमावर न थांबता हाच आलाप कर’ असं म्हणतील. गडबडून जाऊ नकोस, दोन स्वरांत फिरलास तरी चालेल. मग चार-पाच स्वर गाऊन दाखवतील, ते सरगमीत म्हणायचे. एकतालाचा ठेका हातावर, आधी ठाय (मूळ लयीत) आणि मग दुगुनीत (दुप्पट वेगाने), सम म्हणजे पहिली मात्रा न चुकता. आणि एक हमखास विचारतात : भूप आणि देशकार यांचे स्वर तेच, मग फरक काय? ‘वादी (रागातला मुख्य स्वर) गंधार आणि वादी धैवत’ एवढं पुस्तकी उत्तर देऊन थांबू नकोस. दोन्ही गाऊन दाखव. भूप गंधारावर विसावतो, देशकार उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, धैवताभोवती खेळतो. गाता आलं तर शास्त्राचं अर्धं काम तिथेच झालं.

मला मैफली वगैरे करायच्या नाहीत, फक्त शाळेत संगीत शिकवायचं आहे. बी. ए. पुरेल का? बी. एड. लागेल का? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

तो ‘फक्त’ आधी खोडून टाक. मैफलीत जमलं नाही म्हणून शाळेत गेलेले शिक्षक आपण सगळ्यांनीच सोसले आहेत. मुद्दाम शाळाच निवडणारी माणसं हवीच आहेत.

नोकरीचं चित्र मात्र गुळगुळीत करून सांगत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचे शंभरावर विद्यार्थी असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत. त्यातल्या ‘कले’त चित्रकलाही आली आणि मुख्याध्यापक आधी चित्रकलेचा माणूस बघतात. मिळालं तरी ते मानधनाचं काम, त्यावर घर चालत नाही. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक संगीत शिक्षकाचं पद पूर्णवेळ आहे. बारावी आणि संगीतातली पदवी मागतात, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं. पण भरती देशभरातून आणि बदलीही देशभर. मोठ्या शहरांतल्या खासगी शाळा संगीत शिक्षक घेतात, मात्र त्यांना कीबोर्ड, समूहगान आणि थोडंफार पाश्चात्त्य स्वरलेखन हवं असतं. पहिल्या वर्षापासून त्याची तयारी ठेव.

बी. एड.बद्दल : संगीत ही अध्यापन पद्धती म्हणून देणारी महाविद्यालयं अगदी मोजकी. म्हणून बी. ए.ला संगीताच्या जोडीला मराठी, हिंदी, इतिहास असा शाळेत शिकवला जाणारा विषय घे, म्हणजे बी. एड.चं दार उघडं राहील. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत मुख्य विषयाबरोबर गौण विषय असतोच, तो विचार करून निवड. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. तुझ्यासारखीने चौथं वर्ष करण्यापेक्षा तीन वर्षांनंतर बी. एड.कडे वळावं, असं माझं मत.

आता पदवीत जे जवळजवळ कुणी शिकवत नाही त्याबद्दल. आपले अभ्यासक्रम गायक डोळ्यांसमोर ठेवून बेतलेले, वर्ग त्यांच्या हिशेबातच नसतो. पस्तीस मिनिटांचा तास, पन्नास मुलं, एक पेटी आणि तीही एका भात्याने दमलेली. शिक्षक स्वतःच्या काळी एकमध्ये प्रार्थना सुरू करतात, चाल मंद्रात उतरली की मुलांचा आवाजच लागत नाही, ती पुटपुटतात आणि शेरा येतो, ‘मुलांना सूर नाही.’ तीच प्रार्थना दोन-तीन पट्ट्या वर चढवली की अख्खा वर्ग गाऊ लागतो. आठवीतल्या मुलांचे आवाज फुटत असतात. त्यांना सगळ्यांसमोर एकेकट्याने वर गायला लावणं म्हणजे त्यांना जन्मभरासाठी गाण्यापासून तोडणं. त्या वर्षात त्यांच्या हातात ढोलकी द्यावी, झांजा द्याव्यात, लेझमीचा ठेका सांभाळायला द्यावा. हे कुठल्या पेपरात नाही, पण पदवीत आता प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे आणि क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक असतात. मुलं ते कुठल्या तरी संमेलनात सतरंज्या उचलून भरून काढतात. तू ते शाळेत भर. जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवड्यातून दोन तास माग. मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत, त्यांच्याकडे बहुधा संगीताला कुणीच नसतं.

पदवी घेऊन कुणी गवई झाल्याचं आमच्या ऐकिवात नाही. नातवाला हा सल्ला देऊ नका. — एक आजोबा, सांगली

आजोबा, हा आक्षेप तसा जुनाच आहे. पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९२६ मध्ये भातखंड्यांच्या प्रयत्नांतून लखनऊला संगीताचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं, तेव्हा या दोन्ही मराठी माणसांनी तो ऐकला. कुमार गंधर्व घडले ते देवधर मास्तरांच्या मुंबईतल्या स्कूल ऑफ इंडियन म्युझिकमध्ये. तिथे पदवी नव्हती हे कबूल, पण शाळा होतीच. गायक ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विद्यापीठात शिकवत होते, गायिका प्रभा अत्रे एसएनडीटीत संगीत विभागप्रमुख होत्या. त्यांच्या गाण्याला विद्यापीठाने बाधा आणल्याचं कुणी म्हटलेलं नाही.

तुमचं एवढं मात्र बरोबर की पदवीने गवई होत नाही. आकाशवाणीच्या ध्वनिचाचणीत बी, बी हाय, ए या श्रेणी गळ्यावर ठरतात, पदवीवर नाही. पण नातवाला उद्या महाविद्यालयात शिकवायचं झालं तर एम. ए. आणि नेट किंवा सेट ही अध्यापनाची पात्रता परीक्षा लागेल. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत नामवंत गुरूंकडे शिकलेल्या आणि आकाशवाणीची ‘ए’ श्रेणी असलेल्या कलावंतांसाठी वेगळी वाट आहे. ती श्रेणी मिळेपर्यंत त्याने काय खायचं, हेही त्याला सांगा.

मुलगा तबला उत्तम वाजवतो. इंजिनिअरिंगबरोबरच तबल्याची पदवीही करू शकेल का? — पालक, नाशिक

कागदावर हो. एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला यूजीसीने २०२२ मध्ये परवानगी दिली, अट अशी की वर्गांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. प्रत्यक्षात त्या येतातच. त्याने इंजिनिअरिंग करावं, सकाळचा रियाज सोडू नये आणि एखाद्या गायनाच्या वर्गात साथीला बसावं. कायदे-रेले (तबल्याच्या बांधीव रचना) घरी बसून पक्के होतात. विलंबित एकतालाचा ठेका वीस मिनिटं न ढळता धरणं मात्र गाणाऱ्याशेजारी बसल्याशिवाय येत नाही.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी लहानपणापासून हिंदुस्थानी गाणं शिकते आहे, तिला इथे संगीत शिक्षणात पदवी करायची आहे. — पालक

तिथे वाटा स्पष्ट आखलेल्या आहेत. साध्या बी. ए.त संगीत एक विषय म्हणून असतं, ‘बॅचलर ऑफ म्युझिक’मध्ये बहुतांश अभ्यास संगीताचाच, आणि ‘म्युझिक एज्युकेशन’मध्ये संगीताबरोबर शिक्षणशास्त्र आणि प्रत्यक्ष शाळेत अध्यापनाचं सत्र, शेवटी सरकारी शाळेत शिकवण्याचा राज्याचा परवाना. मला त्या रचनेचा हेवा वाटतो. वाद्यवृंद, समूहगान, प्राथमिक वर्ग असं प्रत्येकाचं शिकवणं तिथे वेगळं शिकवतात.

अडचण एकच आणि ती मोठी आहे. बहुतेक ठिकाणी प्रवेशाची ऑडिशन पाश्चात्त्य गायन किंवा वाद्यावर होते. ख्यालाचा गळा कितीही तयार असला तरी कागदावरची स्वरलिपी पाहताक्षणी गाता यावी लागते, सुरांचे संवाद कानाने ओळखावे लागतात, पियानोवर जुजबी हात लागतो. निदान दोन वर्षं आधी पाश्चात्त्य गायनाचा शिक्षक गाठा आणि शाळेच्या कॉयरमध्ये तिला घाला. तिचा तानपुऱ्यावर तयार झालेला कान वाया जाणार नाही. फक्त ऑडिशनच्या कार्यक्रमात ख्याल गाता येईल का, हे त्या-त्या विभागाला लेखी विचारून घ्या. काही ठिकाणी जोडीला एखादी वेगळी रचना ऐकून घेतात, काही ठिकाणी नाही.

वय ४४. मुलं मोठी झाली. बी. ए. संगीतला प्रवेश घेऊ का, की लोक हसतील? — वाचक, ठाणे

लोकांचं सोडा. बारावी झालेली असेल तर वयाची आडकाठी सहसा नसते, पण पूर्णवेळ पदवीत हजेरी, सत्र परीक्षा, गौण विषयांचे पेपर हे सगळं येतं. गाणं शिकणं एवढाच हेतू असेल तर विद्यापीठांच्या संगीत विभागांतले अर्धवेळ प्रमाणपत्र आणि पदविका वर्ग आधी पाहा. शिकवणारी माणसं बरेचदा तीच असतात आणि पर्यावरणाचा पेपर द्यावा लागत नाही. पदवीच हवी असेल तर अर्ज भरण्याआधी विभागात फोन करून तालमीच्या वेळा विचारा, त्या सकाळी आहेत की दुपारी यावर तुमचं बरंचसं अवलंबून राहील.