उपग्रह म्हणतो २९, सेन्सर म्हणतो ४१

प्रश्न (परभणी): आमच्या काळ्या रानात ५ सेंमी खोलीवर ओलाव्याचा सेन्सर बसवलाय. ऑगस्टमध्ये तो ४१ टक्के दाखवतो आणि त्याच दिवशी स्मॅप या नासाच्या मातीचा ओलावा मोजणाऱ्या उपग्रहाच्या ९ किमीच्या नकाशावर २९ टक्के दिसतात. चुकतंय कोण?

उत्तर: आधी सेन्सर तपासा. बहुतेक कपॅसिटन्स सेन्सरांचं (विद्युतभार साठवण्याच्या मातीच्या क्षमतेवरून ओलावा काढणाऱ्या) कारखान्यातलं कॅलिब्रेशन, म्हणजे आकड्यांची जुळणी, भारी काळ्या मातीसाठी केलेलं नसतं. अशा मातीची विद्युतवाहकता जास्त असते, म्हणून आकडा फुगतो. पुढे जमीन भेगाळली की सेन्सरच्या काड्या आणि माती यांच्यात हवा शिरते आणि तोच सेन्सर कमी दाखवू लागतो. त्यामुळे ठरावीक आकडा वजा करून भागत नाही.

खात्रीचा उपाय जुनाच आहे. ५ सेंमी उंच, १०० घन सेंमीची स्टीलची रिंग लाकडी ठोकळा वर ठेवून जमिनीत सरळ ठोका. वरचा काडीकचरा बाजूला करा, पण वाळलेली पापडी खरवडू नका. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. स्मॅपचा १.४१ गिगाहर्ट्झचा रेडिओमीटर (जमिनीतून निघणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी मोजणारं यंत्र) वरच्या सुमारे ५ सेंमीचाच ओलावा पाहतो आणि ती पापडी त्यातच येते. रिंगमधली माती बाहेरच्या जमिनीपेक्षा खाली दबली असेल तर नमुना टाकून द्या. कडा सुरीने साफ करा, माती ॲल्युमिनियमच्या डबीत भरा, झाकणाला टेप लावा आणि त्याच दिवशी वजन करा. मग झाकण उघडून १०५ अंशांवर २४ तास ओव्हनमध्ये ठेवा. काळी माती पाणी सहजी सोडत नाही. आणखी चार तासांनी पुन्हा तोला, वजन उतरलं असेल तर ती अजून सुकलेली नाही.

समजा, ओली माती १७१ ग्रॅम आणि सुकी १३७ ग्रॅम भरली. पाणी ३४ ग्रॅम, म्हणजे १०० घन सेंमीत ३४ टक्के. हेच ३४ ला १३७ ने भागलंत तर २५ येतात, पण ते वजनी टक्के झाले. उपग्रह घनफळाचे टक्के देतो. दोन्हींची सरमिसळ केली की पुढचं सगळं गणित वाया. चिखल, वाफसा आणि कोरडं अशा पाच-सहा अवस्थांत प्रत्येकी तीन रिंगा काढा आणि सेन्सरच्या आकड्यांसमोर मांडून रेषा बसवा.

समजा, सेन्सर असा दुरुस्त केल्यावर तुमचं रान ३४ वर आलं. तरी उपग्रह २९ च म्हणेल, कारण तो फक्त तुमचं रान पाहत नाही. चौकोन ९ किमीचा दिसला तरी रेडिओमीटरची नजर एका वेळी सुमारे ४० किमीवर फिरते. ९ किमीचा नकाशा त्यावरून गणिताने काढलेला असतो. त्या टापूत ५० टक्के भारी जमीन (३४), ३० टक्के मध्यम (२७) आणि २० टक्के मुरमाड (१५) धरली, तर सरासरी २८ निघते. म्हणूनच अमेरिकेतल्या लिटल वॉशिटासारख्या पडताळणी-क्षेत्रांत एका सेन्सरवर विसंबत नाहीत, पाणलोटभर केंद्रं पसरलेली असतात. तुमच्याकडे तेवढी नसतील तर निदान मुरमाड माळावर एक सेन्सर लावाच. सगळे जण चांगल्या रानातच लावतात.

प्रश्न (नाशिक): सेन्सर आणि उपग्रह यांच्या वर्षभराच्या तुलनेत आरएमएसई (दोन्हींतल्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) ०.११ आला. स्मॅपचं उद्दिष्ट ०.०४ चं, म्हणजे घनफळाच्या ४ टक्क्यांचं, आहे. मग उपग्रह नापास समजायचा का?

उत्तर: घाई करू नका. ते उद्दिष्ट कायमचा फरक, म्हणजे बायस, वगळून ठेवलेलं आहे. तुमचा बायस ०.१० असेल तर ०.११ च्या वर्गातून ०.१० चा वर्ग वजा करा, ०.००२१ उरतात, त्याचं वर्गमूळ ०.०४६. एवढं वाईट नाही.

वेळाही जुळवून पाहा. सकाळची फेरी स्थानिक सौर वेळेनुसार सहाची, म्हणजे आपल्या घड्याळात साधारण साडेसहाची. फाइलमधली वेळ यूटीसी, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे असते. ००:५० दिसलं म्हणून मध्यरात्रीचं वाचन जुळवू नका. सेन्सरची दिवसभराची सरासरीही नको, सहा ते सातमधलीच वाचनं घ्या. फाइलमधली गुणवत्तेची खूण (फ्लॅग) 'शिफारस नाही' म्हणत असेल तर तो दिवस गाळा.

सहसंबंध ०.८ आला म्हणून हुरळूनही जाऊ नका. उन्हाळा कोरडा आणि पावसाळा ओला, एवढं तर कुठलाही नकाशा दाखवेल. जून ते सप्टेंबरचा सहसंबंध वेगळा काढा, खरी परीक्षा तिथे आहे.

प्रश्न (पैठण): नाथसागराच्या काठची शेतं पडताळणीला चालतील का?

उत्तर: नाही. पाणी मायक्रोवेव्ह लहरींत 'थंड' दिसतं आणि ओली जमीनही तशीच दिसते, त्यामुळे जलाशयाजवळचा नकाशाचा चौकोन फसवा ओला येतो. पाण्याचा वाटा गणितात वजा करतात, पण धरणाचा फुगवटा महिन्यागणिक बदलतो. शेजारचा ९ किमीचा चौकोन घेऊनही सुटका नाही. ४० किमीच्या नजरेत पाणी येतंच. काठापासून किमान तेवढं दूर जा.

प्रश्न (कोल्हापूर): आणि उसात?

उत्तर: पिकातलं पाणी चौरस मीटरला ५ किलोच्या वर गेलं की मातीचा संकेत त्यात बुडतो, आणि उभा ऊस ती मर्यादा ओलांडतो. टापूत ऊसच जास्त असेल तर तोडणीनंतरचे आठवडे तेवढे वापरा.