माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, बोलत नाही. त्याला गुड टच-बॅड टच कसं शिकवू?

शिकवा हो, पण आधी बघा, बोलण्याऐवजी तो जी पिक्चर कार्डं दाखवतो, त्यांत शूच्या जागेचं कार्ड आहे का? आमच्याकडे नव्हतं. बिस्कीट, झोका, टॉयलेट सगळं होतं, लॅमिनेट करून, व्हेल्क्रो लावून. हे कार्ड मागितलं तर थेरपिस्ट म्हणाली बरं दिसत नाही ते.

माझा तेव्हा आठ वर्षांचा. अचानक शाळेच्या व्हॅनमध्ये चढेना, रात्री अंथरूण ओलं, चड्डी बदलायला गेलं की स्वतःचाच हात चावायचा. जो तो म्हणे ऑटिझममध्ये होतं असं, रूटीन बदललं असेल, आणि मीपण दीड महिना सेन्सरी सेन्सरी, म्हणजे स्पर्श-आवाजाचा त्रास असेल, करत बसले. मग एकदा आंघोळ घालताना मांडीच्या आतल्या बाजूला वळ दिसले. व्हॅनमधला मदतनीस.

शाळा म्हणे याला सांगता येत नाही तर केस टिकणार कशी. आणि आमचे मोठे दीर, "त्याला काय कळतंय, कशाला बभ्रा?" कळत नव्हतं तर व्हॅन बघून हात कोण चावत होतं? पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, मुलग्यांनाही लागू आहे, पोलीस साध्या कपड्यात घरी येऊन जबाब घेऊ शकतात आणि स्पेशल एज्युकेटरची मदत घ्यायची सोय त्यातच आहे. कळूनही न कळवणं हासुद्धा गुन्हा, हे ऐकवलं तेव्हा शाळेचा आवाज खाली आला. स्पेशल एज्युकेटर मॅडमनी व्हॅनमधल्या सगळ्यांचे फोटो समोर ठेवले, याने एकच उचलून पालथा ठेवला. नावडतं कार्ड तो कायम पालथं ठेवतो. केस चालू आहे, जास्त लिहीत नाही.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर अवयवांची खरी नावं, चड्डी कोण बदलणार ती दोन-तीनच माणसं फोटोसकट ठरवलेली, आणि सगळ्यात आधी "नको"चं कार्ड. आपण पोरांना वर्षानुवर्षं हात खाली, गप्प बस, टीचर सांगतील ते कर हेच शिकवतो, ऐकलं की चिप्स. नाही म्हणायला शिकवतो का कधी?

हां, अंथरूण ओलं झालं म्हणजे तेच असं नाही, युरिन इन्फेक्शनही असतं, डॉक्टरांना दाखवा आधी. शंका आली तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच.

आणि "काकाला पापी दे" बंद करा. गेल्या गणपतीत दिरांनी जवळ ओढलं तर याने नकोचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. दोन दिवस रुसून होते. मी समजूत काढायला गेले नाही.