फक्त बघायला जातो, म्हणालास

लेकरा,

परवा स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा गार होईपर्यंत तू बोलत होतास आणि उठता उठता म्हणालास, ‘काका, नुसतं बघायला जातो. आईचं मन राहील. मग नाही म्हणून कळवतो.’ मी तेव्हा गप्प बसलो. बिल कोण देणार यावर आपण भांडलो, तू गाडीला किक मारलीस आणि गेलास. तेव्हापासून ते एक वाक्य डोक्यातून हलत नाही. मोबाईलवर एवढं टाइप करणं माझ्या बोटांना जमत नाही, म्हणून कागद घेतला. वाचून ठेव नाहीतर फाडून टाक.

तू आहेस तसा चांगला आहेस, यात तुझा काही दोष नाही, असलं मी लिहिणार नाही. ते तुला माझ्याआधीच कळलंय. मला एवढंच सांगायचंय: मुलगी बघायला जाऊ नकोस. त्या घरचे पोहे खाऊ नकोस.

नुसतं बघायला कुणी जात नसतं. तुझ्यासाठी तो रविवारचा एक तास. तिकडं गुरुवारपासून घर निघतं. पोरगी कॉलेज बुडवते, शेजारच्या वहिनीची साडी मागून आणतात, कुणीतरी फरसाण आणायला तालुक्याला पळतं, चार खुर्च्या आणि एक टीपॉय दुसऱ्याच्या घरून येतो. बाप मनातल्या मनात सोयाबीनचे कट्टे मोजतो आणि उरलेले किती एकर विकावे लागतील त्याचा हिशोब करतो. तू म्हणशील, आता दिवस उलटे आलेत, शेती करणाऱ्या पोरांना पस्तिशीपर्यंत पोरी मिळत नाहीत, तिलाच दहा स्थळं येतील. येतील ना. पण तू चाकणच्या कंपनीत पगारदार आहेस. तुझ्यासारख्यानं ‘नाही’ म्हटलं की गाव तुला काही विचारत नाही. पोरीत काय खोट निघाली, असं तिच्या घरी येऊन विचारतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी तीन घरचे पोहे खाल्लेत.

पहिल्या दोन वेळा पत्रिकेनं वाचवलं. तिसरी मुलगी १९८४ साली, सेलूच्या बाजूच्या एका खेड्यात. मी सत्तावीस वर्षांचा, जिल्हा परिषदेत कारकून, म्हणजे त्या काळी राजाच. कापसाची वेचणी संपत आली होती. पोरगी ट्रे घेऊन आली, पाटावर बसली. आमच्या काकांनी विचारलं, नाव काय, शिक्षण किती, भाकरी थापता येते का. मग चालून दाखवायला सांगितलं. ती चालली. मी खाली बघत होतो, त्यामुळं मला फक्त तिच्या टाचा दिसल्या, काळ्या मातीनं चिरलेल्या. माझ्या बशीत लिंबाची फोड जास्त होती.

परत येताना एसटीत काका म्हणाले, ‘काय म्हणतोस?’ काहीतरी कारण द्यायला पाहिजे होतं. मी म्हणालो, ‘रंग जरा कमी आहे.’

एवढंच. ते काकांनी मध्यस्थाला सांगितलं आणि मध्यस्थानं त्यात आपलं मीठ घालून पुढं पोचवलं. आता तू म्हणशील, काका, दुसरं काहीतरी सांगायचं. १९८४ साली परभणीत मी दुसरं काय सांगणार होतो? समलिंगी हा शब्द मला माहीत नव्हता. आपल्यासारख्यांना गुन्हेगार ठरवणारं ३७७ हे कलम तर त्याहून माहीत नव्हतं. दहा वर्षं सोड, जन्मठेपसुद्धा लिहिली होती त्यात, हे मी फार उशिरा वाचलं. भीती कलमाची नव्हतीच. भीती आत्याची होती. त्या वयात, त्या एसटीत, शेजारी काका बसलेले असताना तू काय बोलला असतास, सांग मला. असो.

२००३ साली एक अंगणवाडी सेविका मानधनाची फाइल घेऊन माझ्या टेबलाशी आली. माहेरच्या आणि सासरच्या नावाचा घोळ होता, नेहमीचा. मी कागद उलटे करत होतो. ती म्हणाली, ‘साहेब, तुम्ही आमच्या घरी पव्हे खाल्ले होते.’ मी वर बघितलं. ‘रंग कमी होता ना माझा,’ म्हणाली, आणि हसली. राग असता तर बरं झालं असतं. तिला पुढं बिजवराला दिलं, दोन पोरांच्या बापाला, कारण रंगाची गोष्ट सोयऱ्यांमध्ये फिरली आणि नंतर आलेल्या स्थळांनीही तोच शब्द उचलला. त्यांना आयताच मिळाला, माझ्याकडून. मी तिची फाइल दोन दिवसांत काढून दिली, जिथं दोन महिने लागतात. केवढे उपकार!

तर जाऊ नकोस. जाऊन नाही म्हणायचं असेल तर आधीच नाही म्हण.

मास्तरबद्दल तू त्या दिवशी विचारलंस आणि मी विषय बदलला. लिहितो. तो गंगाखेडला शाळेवर होता. फेब्रुवारीतल्या उरुसात ओळख झाली, तुराबुल हक बाबांच्या, पाळण्यांच्या गर्दीत. शनिवारी त्याची सकाळची शाळा, अकराला सुटायची. दुपारपर्यंत तो परभणीत. खोलीची एक किल्ली त्याच्याकडं असायची. मी ऑफिसातून येईस्तोवर त्यानं स्टोव्हवर वरण लावलेलं असे. घरमालकीण त्याला आवर्जून धपाटे आणून द्यायची. दोन पुरुष एका खोलीत राहतात, एका अंथरुणावर झोपतात, हातात हात घालून स्टेशन रोडनं फिरतात, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तुम्हाला वाटतं आमचा काळ भयंकर होता. होता. पण आमच्यासाठी कुणाकडं शब्दच नव्हता, आणि ज्याला शब्द नाही ते लोकांना दिसतही नाही. आता टीव्हीनं सगळ्यांना शब्द शिकवलाय. तुझ्या मोबाईलवर आपल्यातला कुणी ‘दोन किलोमीटरवर’ आहे असं दिसतं खरं, पण गांधी पार्कात तू कुणाच्या खांद्यावर हात टाकून बसू शकत नाहीस. (त्या मोबाईलवरच्या माणसाला पहिल्यांदा भेटायचं ते चहाच्या हॉटेलात, कुणाच्या रूमवर नाही. फोटो काढून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आपल्याकडंही पोचल्यात. जगात जर्मनी अन् भारतात परभणी, आपण कशात मागं नाही.)

मास्तरानं १९८६ साली लग्न केलं. त्याचं म्हणणंही तेच होतं, आईचं मन. त्याच्या बस्त्याला मी गेलो होतो. नवरीचा शालू मी निवडला. वरातीत नाचलो. मी लग्न केलं नाही याचा मला फार अभिमान होता, अजूनही आहे, पण त्या दिवशी मी त्याला एका शब्दानं अडवलं नाही. अडवलं असतं तर शनिवारही गेले असते, असं वाटलं. शनिवार चालूच राहिले. पंचवीस वर्षं.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. पहाटे चारला जमीन हलली, भांडी पडली, सगळी गल्ली रस्त्यावर आली. किल्लारीत काय झालं ते रेडिओवर नंतर कळलं. आठच्या सुमारास मी दारात उभा होतो तर मास्तर समोर. शनिवार नसताना तो तेवढा एकदाच आला. मिळेल ती पहिली गाडी धरून आला होता, पायात स्लीपर. ‘तू बरा आहेस ना,’ एवढंच म्हणाला आणि उंबऱ्यावर बसला. ती सकाळ मी अठरा वर्षं जपली. कुणी मला काय मिळालं आयुष्यात असं विचारलं असतं तर मी ती सकाळ सांगितली असती.

२०११ला मास्तर गेला. आजारपण नांदेडच्या दवाखान्यात. सह्यांना मेव्हणे होते, मी बाहेर बाकावर. तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं, कुटुंब निवृत्तिवेतनाचा फॉर्म भरायला, कारण ओळखीतला कारकून मीच. ‘मयताची पत्नी’ या रकान्यात त्यांचं नाव लिहीत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, ‘भावजी, भूकंपाच्या दिवशी हे तुमच्याकडं आले होते ना?’ मी हो म्हणालो. ‘पोरगी चार वर्षांची होती. पोरगं आठ महिन्यांचं, तापानं फणफणलेलं. सगळे म्हणत होते पुन्हा धक्का येणार. मी दोघांना घेऊन मारुतीच्या पारावर बसले होते. हे बघून येतो म्हणाले आणि संध्याकाळी आले.’ पुढं काही नाही. चहा टाकायला आत गेल्या. त्यांना किती माहीत होतं ते मी कधी विचारलं नाही.

माझ्याजवळची ती एकच सकाळ, आणि तीही मी त्या बाईची उचललेली.

म्हणून चिडतो मी. तू म्हणतोस आईला बीपी आहे. सगळ्यांच्या आईला बीपी असतं. बहिणीचं लग्न अडेल म्हणतोस. तिला अजून बी. एस्सी. करू दे की. आणि शेवटी तू जे म्हणालास ते मला लागलं, सांगून टाकतो: ‘तुमच्यासारखं एकटं म्हातारं व्हायचं नाही, काका.’ मी एकटा आहे, बरोबर. गुडघे दुखतात. लग्न केलेल्यांचेही दुखतात, मी सकाळी त्यांच्यासोबतच फिरायला जातो. पेन्शन आहे, एक मावशी भाकरी करून जातात, कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची लेक माझ्या नावानं रडलेली नाही. एक सोडून. की दोन. बघ, इथंच माझा हिशोब चुकतो आणि मी तुला अक्कल शिकवतोय.

कोर्टानं २०१८ला आपल्याला त्या ३७७मधून सोडवलं, ते तुला तोंडपाठ आहे. ६ सप्टेंबर होता, पोळ्याला तीन दिवस राहिलेले. मी बाजारात झुली-घुंगरमाळांच्या दुकानासमोर उभा होतो आणि आत टीव्हीवर ते रंगीत झेंडे. दुकानदार म्हणाला, ‘काय चाललंय जगात.’ मी हूं म्हणालो आणि मातीची बैलजोडी विकत घेतली. घरी ना बैल, ना पुजायला कुणी. सात वर्षं उशीर झाला होता, एवढंच. २०२३च्या ऑक्टोबरात, घट बसले होते तेव्हा, त्याच कोर्टानं लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. तू म्हणालास, मग काय उपयोग, आपलं लग्न होणारच नाही तर दुसरं केलं काय. हे असलं तर्कट मी ऐकून घेणार नाही. आपलं होत नाही म्हणून तिचं वाटोळं? २०२४च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या अर्थ खात्यानं पत्रक काढलं: दोघांना बँकेत जोडखातं काढता येतं, एकमेकांना नॉमिनी लावता येतं. तुला हे किरकोळ वाटेल. कारकुनाला विचार. तुझा कुणी होईल तेव्हा पहिल्या महिन्यात खातं काढ, नॉमिनी लाव, आणि दवाखान्यात सही कोणी करायची ते वकिलाकडून लिहून ठेव. मी बाकावर बसलोय म्हणून सांगतो.

आईला सगळं सांगायची गरज नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, ती तुझी आई आहे, माझी नाही. पण ‘मला लग्न करायचं नाही’ एवढं पुरतं. कारण विचारतील. तेच वाक्य परत म्हणायचं. पुन्हा विचारतील, पुन्हा तेच. आम्ही ऑफिसात ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असं तीस वर्षं म्हणत आलो, एकाच आवाजात. माणूस शेवटी घरी जातो. माझ्या आईला सहा वर्षं लागली. रडली, अन्न सोडलं, तुळजापूरला नवस बोलली. मग एका शनिवारी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तुहा मास्तर नाही आला का रं अजून?’ त्यानंतर तिनं कधी स्थळ काढलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं की तुमचा रविवार. मामांना आजच फोन कर, दुपारी तीनच्या आत. नंतर ते जिनिंगवर वजनाला जातात आणि तिथं माणूस कुणाचं ऐकत नसतो. पोरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. शिकलेली आहे, चांगली आहे, पण उंची जरा, असलं काहीही नाही. तुझ्याच्यानं होत नसेल तर नंबर मला दे, मी बोलतो. आणि रविवारी माझ्याकडं ये. सुशीला करतो, चुरमुरे आणून ठेवलेत. पोहे माझ्या घरात होत नाहीत.

तुझा,
काका

ता. क. परवा दीड तास बोललास, पण तिचं नाव काय हे एकदाही तुझ्या तोंडून आलं नाही. मी त्या तिसरीचं नाव तिच्या घरी ऐकलं होतं, समोर बसून. मला ते आठवलं एकोणीस वर्षांनी, फाइलवर वाचून.